रविवारचं भांडण

"त्या टायसनले लोकायनं उगाच डोक्यावर घेतलं," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि किशोररावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

हे वाक्य या घरात त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण ते बोलणारा सूर्यभान होता, बाईंचा नवरा. त्याची तेरवी नुकतीच झाली होती. बाईंनी तर बॉक्सिंगबद्दल आजवर चकार शब्द काढला नव्हता. स्वयंपाकघरातून चहा यायचा, आवाज नाही.

किशोरराव आणि सूर्यभान अकोल्यात एकाच कोचच्या हाताखाली मार खाऊन मोठे झालेले. पुढे किशोररावांना अमरावतीला नोकरी लागली आणि ते तिकडचेच झाले. पण रविवारी सकाळची अकोल्याची एसटी त्यांनी कधी चुकवली नाही. विषय ठरलेला. कोणत्या बॉक्सरचं नाव उगाच मोठं झालं? सूर्यभानचा देव अली, किशोररावांचा टायसन, आणि एकाने दुसऱ्याच्या देवाची पार सालं काढायची. मानायचं मात्र कोणीच नाही. बायको वारली, मुलगा परदेशात गेला, तेव्हापासून तर किशोरराव सोमवारपासूनच रविवारची वाट पाहायचे.

आज ते निरोप घ्यायला आले होते. दोस्तच राहिला नाही, तर एकट्या बाईच्या दारात दर आठवड्याला कशाला उभं राहायचं? आल्या आल्या त्यांनी तसं सांगूनही टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं, चहा आणला, सूर्यभानच्या खुर्चीत बसल्या आणि सरळ टायसनवर घसरल्या.

"वहिनी, तुमाले काय म्हाईत टायसन?"

"नुसता दांडगा. समोरचा लवकर पडला नाही का याची गाडी अडकली. त्या टोकियोनं नाही का पाडला त्याले?"

"टोकियो गाव हाये, वहिनी. जपानात. पाडलं डग्लसनं."

"असंल. पडला का नाही?"

किशोरराव हसले. दोस्त गेल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनाही चेव आला.

"अन् तुमचा अली? हातापेक्षा तोंडच जास्त चाले त्याचं."

"तोंडानंच अर्धा हारवे तो समोरच्याले. ते काय कोनालेबी जमते काय?" बाईंनी टेबलावर मूठ आपटली. लहानशी मूठ, आवाजसुद्धा झाला नाही.

शब्द सूर्यभानचे होते. मूठ आपटायची जागाही त्याचीच. तो समोर बसल्यासारखा वाटत होता आणि कुठेच नव्हता. हे किशोररावांना सोसवेना. ते उठले, पिशवी खांद्याला लावली. जाता जाता आपण हार मानली, तर बाईंना तेवढंच समाधान, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले.

"मानलं, वहिनी. अलीच मोठा. सूर्यभानचंच खरं होतं. हारलो मी. येतो आता."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या लगबगीने उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. इतके दिवस आवरून धरलेलं रडू आता त्यांना आवरेना.

"असं मानू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या ह्यायनं मले हेच तर शिकवलं. म्हने, किशोर लय एकटा हाये. मी गेल्यावर तू भांडजो त्याच्याशी. भांडन संपलं, तर तो यायचा नाही."