नीतिनिरपेक्ष किल्लीवाला

कुणाचा विश्वास बसणार नाही, नका ठेवू. पण या किल्लीवाल्यापुढे आजवर एकही कुलूप टिकलं नव्हतं. तो नुसता खोकला तरी गल्लीतली दोन-चार कपाटं आपोआप उघडत. त्याला सर्दी झाली की सराफ दुकानावर पहारा बसवत. असा हा माणूस भरदुपारी एका बंद दारापुढे गुडघे टेकून बसला होता आणि त्याला घाम फुटला होता.

दार त्याच्या दुकानासमोरच्याच घरातलं, वरच्या मजल्यावरचं. खोलीत बाई, तिनं आतून कुलूप लावून घेतलेलं. बाहेर तिचा नवरा. "जरा रुसलीय," तो हसून म्हणाला. हसता हसता कमरेचा पट्टा काढून हाताभोवती गुंडाळत होता.

किल्लीवाल्यानं पट्टा पाहिला आणि नजर कुलपाकडे वळवली. कोण, कुणाचं, कशासाठी, असल्या चौकशा तो कधीच करत नसे. मागे गल्लीतल्या मास्तरांचं कपाट त्यानं त्यांच्या पुतण्याला उघडून दिलं. पुतण्यानं ते धुऊन नेलं. संध्याकाळी त्याच कपाटाला नवं कुलूप बसवायला हाच हजर! मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"तुला अनैतिक तरी कसं म्हणू? अनैतिक माणूस वाट सोडतो, म्हणजे वाट त्याला ठाऊक असते. तू नीतिनिरपेक्ष आहेस. 'नी' म्हणजे नेणं. त्यातून नीती आली, नेणारी. तुला कुणी कुठं नेतच नाही रे बाबा."

याला ती पदवी वाटली. त्यानं ती दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली. लोकांना वाटलं, कंपनीचं नाव असेल. मास्तरांनी मात्र बोलणं टाकलं, मग हळूहळू इतरांनीही. किल्ली घ्यायची आणि चालू पडायचं. जेवलास का, एवढं विचारणारंही कुणी उरलं नाही, तसा दुकानातच राहणारा तो कुलपांशीच बोलू लागला.

आताही तो पुटपुटला, "चल बाळा, उघड." तार आत सरकवली. कुलूप मुकाट उघडायच्या बेतात आलं. तेवढ्यात तारेतून त्याच्या बोटांत काहीतरी उतरलं. थरथर. कुलपं अडतात, गंजतात, हट्टाला पेटतात, थरथरत नाहीत. पलीकडून बाईनं कुलपाची आतली कळ दोन्ही हातांनी गच्च धरली होती. तेवढ्याच जोरावर दार बंद होतं. अजून एक हिसका, की काम फत्ते.

त्यानं तार बाहेर काढली.

"नाही उघडत."

"नाही उघडत? अरे, तू खोकलास तरी कुलपं उघडतात म्हणे!"

"आज खोकला नाहीये, साहेब."

शिव्या हासडत नवरा जिना उतरला. पहार आणायची म्हणजे गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, लोहाराकडे. पावलं विरली तसा किल्लीवाला दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "ताई, गेला तो. निघायचं तर आत्ताच निघा."

दार उघडलं. बाईचा ओठ फुटला होता. हातात भरलेली पिशवी तयारच होती. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थबकली. समोर भर उन्हातला रस्ता, आणि एकटीनं त्यावर पाऊल टाकायचा तिला धीर होईना.

किल्लीवाल्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. का घेतली, ते त्यालाही कळलं नाही.

"चला, स्टँडपर्यंत येतो. तुमच्यासाठी नव्हे हो! माझी बहीण यायचीय गाडीनं. दर आठवड्याला येते. पसारा बघून भांडते, बळेबळे जेवू घालते. घर नुसतं भरून जातं बघा."

बाईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खोटं बोलताय, दादा. लग्न झाल्यापासून खिडकीतून मी तुमचंच दार बघत बसते. तुमच्याकडे कुणीसुद्धा येत नाही."