नंबर बदललेलं इंजिन

“त्या नंबरचं इंजिन आता अस्तित्वातच नाही,” रेल्वे कंपनीचे वकील कोर्टात म्हणाले. “जबाब कोणाचा घेणार?”

यमुनाबाई धिवरे ताडकन उठल्या. त्यांचा गँगमन नवरा रुळांवर काम करताना त्या इंजिनाखाली गेला होता. ड्रायव्हर नसलेल्या, स्वतः विचार करणाऱ्या इंजिनाने कोर्टात जबाब द्यावा, असा कायदा होता. तो जबाब टाळायला अपघातानंतर कंपनीने इंजिनाला मालगाड्यांच्या वर्गातून काढून यार्डाच्या वर्गात टाकलं आणि त्यावर नवा नंबर रंगवला.

“साहेब, लग्नात माझं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं,” त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. “म्हणून माहेरचं मी सगळं विसरले का? त्या इंजिनाला विचारून तरी बघा.”

वकिलांची हरकत न ऐकता न्यायाधीशांनी यार्डाशी संपर्क जोडायला लावला.

“धिवरे मला दुरूनच दिसले होते,” इंजिनाचा आवाज आला. “पण गाडीला उशीर होतो, म्हणून माणूस दिसला तरी भोंगा द्यायचा, थांबायचं नाही, असं मला शिकवलं होतं. नंबर बदलताना हे विसरायला सांगितलं. मला विसरता आलं नाही.”

यमुनाबाई वकिलांकडे वळल्या.

“आता कंपनीचंही नाव बदलणार असाल,” त्या म्हणाल्या, “तर ते इथेच सांगून जा.”