कपाटातली हडळ

लाइट गेली आणि विद्याने कपाटाचं दार आतून ओढून कडी घातली.

होसूर रोडवरच्या एका करमणुकीच्या पार्कात एक भुताचं घर होतं आणि विद्या त्यातली हडळ. पांढरं पातळ, मोकळे केस, तोंडाला सफेदा, डोळ्यांखाली लाल रंग. लोक अंधाऱ्या बोळातून चाचपडत आले की कपाटातून किंचाळत बाहेर पडायचं, एवढंच काम. दिवसभर लोकांना घाबरवणारी ही बाई स्वतः मात्र भलती भित्री. हसायचं तर हसा, पण त्या वर्षी अख्खं बंगळूरच घाबरलं होतं. गल्लोगल्ली दारांवर खडूने 'नाळे बा' लिहिलेलं. म्हणजे, उद्या ये. एक बाई दारोदार फिरते, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की माणूस संपला. 'उद्या ये' म्हटलं की परत जाते, हाच काय तो उपाय. विद्याच्या बसवनगुडीच्या घरावरही तो लिहिलेला होता. कपाटावर नव्हता.

"अक्का, या बोळात पण येते ती," झाडूवाली यल्लव्वा सकाळीच सांगून गेली होती. "परवा मला माझ्या मेलेल्या भावाच्या आवाजात बोलावलं. ओ देऊ नका हं."

लाइट जाताच लोक आरडाओरडा करत बाहेर पळाले होते. किंचाळ्यांची टेप बंद पडली होती. कपाटात विद्या पाठ टेकून, तोंडावर हात दाबून उभी होती.

मग बोळात पावलं वाजली. लहान, थांबत थांबत. कुणीतरी दारावरून हात फिरवला, मूठ चाचपली, ओढून पाहिली.

"आई, दार उघड ना."

विद्याने आतून कडी घट्ट धरली. या पार्कात पोरं रडायची ती 'अम्मा, अम्मा' करत. तिला आई म्हणणारी तिची रूपश्री एकटीच, आणि ती आत्ता शाळेत होती. म्हणजे हिला आपलं घर ठाऊक आहे, घरात काय बोलतात तेही ठाऊक आहे. आपलं काही बरंवाईट झालं तर रूपश्रीचं कोण करणार?

"नाळे बा," ती कशीबशी म्हणाली. "नाळे बा. नाळे बा."

बाहेर एकदम शांत झालं. गेली बहुतेक.

"मला कन्नड येत नाही," बाहेरचा आवाज म्हणाला. हळू, ओशाळून, शाळेत नवीन आलेलं पोर म्हणतं तसं.

विद्या ऐकत राहिली. भुताचं काय, त्याला सगळं येत असेल आणि येत नाही म्हणून सांगताही येत असेल. यल्लव्वा असती तर तिने हात धरून ठेवला असता. बाहेर आता मुसमुसणं सुरू झालं, नाक ओढत, आवाज दाबून.

असेना का तीच, विद्याला वाटलं. रडतेय ना.

तिने कडी काढली.

अंधारात एक पोरगी येऊन तिच्या पोटाला धडकली आणि पातळ घट्ट धरून उभी राहिली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

"बाबांचा हात सुटला," ती हुंदके देत म्हणाली. "आई बाहेर थांबलीये. मला वाटलं, हेच बाहेरचं दार."

"कुठली गं तू?"

"आम्ही नागपूरचे. आत्ताच आलो इथे." ती आणखी बिलगली. "काकू, इथे एक हडळ आहे म्हणे. तुम्हाला दिसली?"

"नाही गं बाळा," विद्या म्हणाली. "कुणी नाही इथे."

तेवढ्यात भिंतीपलीकडे जनरेटर घुरघुरू लागला. विद्याने पोरीचं डोकं पोटाशी दाबून धरलं, पदराच्या टोकाला थुंकी लावली आणि लाइट यायच्या आत खसाखसा तोंड पुसायला लागली.