सोमवारची बदली

"पडायचं असलं तर डावीकडं पड," वर्गमैत्रीण भैरवी दानेश्वरीच्या कानाशी लागून म्हणाली. "उजवीकडं ट्रे हाय. मागच्या बारीला कॉटखाली शिरून चिमटे मी गोळा केलेत."

 दानेश्वरी मनातल्या मनात महादेवाचं नाव घेत होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ती नुकतीच आली होती आणि जखम बघून दोनदा चक्कर येऊन पडली होती. दुसऱ्या वेळी कॉलेजातून कागलला घरी फोन गेला. आप्पांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि लेकीला एवढंच म्हणाले, "आणखी एक फोन आला की मी गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव."

म्हणून आज तिने तयारी पक्की केली होती. पहिल्यांदा पडली तेव्हाच तिने चक्कर येऊ नये म्हणून सोमवारचा उपास बोलला होता. दुसऱ्यांदा पडली ती नेमकी सोमवारी. त्या सकाळी तिने एक केळं खाल्लं होतं, त्याचाच दोष असणार. आज केळं नाही, चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

वॉर्डाच्या सिस्टर कालिंदी मॅडम मलमपट्टीचा ट्रे तपासत होत्या. केस पांढरे झालेल्या, पण आवाज अजून वॉर्डाच्या दारापर्यंत पोचणारा. "गुडघे ताठ करायचे नाहीत," त्या रोजच्यासारखं सांगू लागल्या. "टाचा वरखाली करत राहायच्या. डोळ्यांपुढं अंधारी आली की हातातलं ठेवायचं आणि बसायचं. बसणाऱ्याला स्टूल मिळतं, पडणाऱ्याला टाके."

भैरवीने गुपचूप एक स्टूल आणून दानेश्वरीच्या मागे ठेवलं.

कॉटवर रत्नव्वा होती. सीमेपलीकडच्या गावची, साखरेच्या आजाराने पायाला जखम झालेली. कॉटजवळ कुणीही आलं, डॉक्टर असो की झाडूवाली, की मराठी येत असूनही तिचा कानडीत एकच प्रश्न असायचा, "ऊटा आयता?" कालिंदी मॅडमना कानडी येत नव्हती. त्या रोज "हो अव्वा, हो" म्हणून पुढे जात.

"ऊटा आयता?" रत्नव्वाने आता दानेश्वरीला विचारलं.

घरात रोज कानावर पडणारा प्रश्न. जेवलीस का? दानेश्वरीच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "इल्ल, अव्वा. उपास हाय."

रत्नव्वाने पाय चादरीखाली ओढून घेतला. "मग पाय मिळायचा न्हाय. उपाशी पोरीच्या हातनं मी बांधून घेत न्हाय."

मॅडमनी ट्रे खाली ठेवला. "उपास? आज? कशासाठी?"

"चक्कर येऊ नये म्हणून, मॅडम."

 रत्नव्वा हसायला लागली. हसता हसता कॉट करकरली, शेजारच्या कॉटवरची बाई काय झालं म्हणून उठून बसली.

दानेश्वरीचे डोळे भरून आले. "हसू नका की, अव्वा. बोललाय मी महादेवाला. मोडला आणि परत पडले तर? आप्पा न्यायला येतील."

भैरवी काहीतरी बोलणार होती, तिला मॅडमनी नजरेनेच गप्प केलं. रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "आपण ड्यूटी बदलून घेतो ना? तुझी सकाळ मी करते, माझी दुपार तू कर. तसंच. तुझा सोमवार माझ्याकडं, माझा डबा तुझ्याकडं. मी तरी कुठं काय खाल्लंय सकाळपासून? नुसता चहा."

"असं चालतंय, मॅडम?"

"चालतंय की," रत्नव्वा म्हणाली. तिने गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला हात लावला आणि डोळे मिटून कानडीत काहीतरी पुटपुटली. "सांगितलं त्याला. बदली झाली. जा, खाऊन ये."

डब्यात ज्वारीची भाकरी होती, मेथी होती आणि दह्यात कालवलेला खरडा. सिस्टरच्या खोलीत दानेश्वरी खात असताना मॅडम दारातच उभ्या होत्या. शेवटच्या घासाला त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

हात धुऊन, हातमोजे चढवून ती परत आली. रत्नव्वाने पाय पुढे केला. पट्टी सुटत गेली. शेवटचा थर चिकटला होता, तो सलाइनने भिजवून काढावा लागला. वास आला. पण दानेश्वरीच्या पोटात आता भाकरी होती आणि ती जागची हलली नाही. डोक्यावरचा पंखा वाजत होता. मागच्या दोन्ही वेळा पडायच्या आधी तो आवाज लांब गेला होता. आज तो जवळच राहिला. तिच्या टाचा वरखाली होत होत्या.

"अगं, नाचतीस काय?" रत्नव्वा म्हणाली.

"नाचू दे, अव्वा. दुखतंय का?"

"दुखतंय. पण तू कर."

शेवटची गाठ बसली. दानेश्वरीने हातमोजे उतरवले आणि हसतच मागे वळली. "मॅडम, बरोबर झालं न्हवं?"

 मॅडमनी दोन्ही हातांनी कॉटचा दांडा धरला होता. ओठांवर घामाचे थेंब होते आणि गुडघे ताठ.

भैरवीला कळायच्या आत दानेश्वरीने मागचं स्टूल पायाने ओढलं, मॅडमच्या खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. "बसा. मान खाली घ्या. पडणाऱ्याला टाके, मॅडम." मग त्यांचं मनगट हातात घेऊन ती घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली.

रत्नव्वा कोपरावर रेलून हे सगळं बघत होती. मॅडमच्या तोंडावर जरा रंग आला तसा तिने विचारलं, "ऊटा आयता?"

कालिंदी मॅडमनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बरोबर उत्तर दिलं.

"न्हाय, अव्वा."