रिकामं खळं

पडद्यावरची माणसं निघून गेली, तरी कॅमेरा काही हलेना.

बॅगा आणि नारळांचं पोतं घेऊन मुंबईचे चाकरमानी रिक्षात बसले. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. आता पडद्यावर उरलं होतं घरापुढचं सारवलेलं खळं आणि त्यात पडलेला बिस्किटाच्या पुड्याचा कागद. एक कोंबडी आली, कागदाला चोच मारून निघून गेली. मग तीही नाही.

"कॅमेरो बंद करूक इसारलो काय रे?" मागून कोणीतरी म्हणालं आणि शाळेचा हॉल हसला.

"केर तरी काढा गो!"

"माणसां निघाली की मागसून केर काढूचो नसता," एका म्हातारीने जागच्या जागी दटावलं. तेवढी एकटीच सिनेमा मनापासून बघत असावी.

गावचा सिद्धेश आपल्या सिनेमाला परदेशातून बक्षीस घेऊन आला, म्हणून तारकर्लीत भरदुपारी खिडक्यांना ताडपत्र्या लावून हा खेळ ठेवला होता. बक्षीस सगळ्यांना आवडलं होतं. सिनेमाचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं.

खेळ संपल्यावर चहा आला आणि चहाबरोबर मतं आली. दशावतारात राजाचं काम करणारे दत्तप्रसाद म्हणाले, "माझो राजा आत गेलो आणि रंगमंच असो रिकामो ऱ्हवलो, तर लोक उठान घराक जातले." लॉजवाल्या दीपेशला वेगळंच दुःख होतं. "तारकर्लीत शूटिंग केलंस आणि समुद्र नाय? एक ड्रोन तरी उडवूचो होतो!" कुडाळहून आलेली तन्वी सिनेमावर लेख लिहायची. तिने वही उघडून विचारलं, "सर, तुमच्या प्रत्येक सिनेमात माणसं गेल्यावरही चौकट तशीच राहते. काळ गोठवणं हीच तुमची शैली म्हणायची ना?"

"असंच काहीतरी," सिद्धेश म्हणाला. तो सगळ्यांपुढे मान हलवत होता, पण डोळे शेवटच्या बाकाकडे होते. तिथे त्याची आई, सावित्री, बसली होती. आधीचे तिन्ही सिनेमे तिने पाहिले नव्हते. माका काय कळाचा नाय, म्हणायची. आज पहिल्यांदा आली होती.

तिच्या हातातला चहा गार झाला होता. नोकरीची सगळी वर्षं तिने मुंबईत काढली. एका खोलीत पोर कुठे सांभाळायचं, म्हणून सिद्धेशला पाचव्या वर्षी इथे दाजींकडे, त्याच्या आजोबांकडे ठेवलं. वर्षातून दोनदा ती यायची, गणपतीला आणि मे महिन्यात. परतताना रिक्षातून हात हलवत राहायची. वळण आलं की घर दिसेनासं व्हायचं आणि तिला गाडी चुकायची काळजी लागायची. वळणाच्या अलीकडे मग काय होतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? ती रिक्षात असायची.

आज पाहिलं. पाहताना आधी तिला पोराचा राग आला, चार लोकांत असं दाखवायचं का म्हणून. मग राग गेला आणि ती त्या रिकाम्या खळ्याकडे बघत राहिली.

हॉल रिकामा झाला. कोणीतरी ताडपत्र्या काढल्या, ऊन आत आलं. सिद्धेश प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत तिच्याजवळ आला.

"आये, तू कायच बोलूक नाय."

"सगळे बोलले मा."

"ते बोलले. तुका कसो वाटलो?"

बरो वाटलो, असं तिला सहज म्हणता आलं असतं. तेवढ्यावर तो हसला असता, दोघं घरी जाऊन जेवली असती आणि उद्या तो मुंबईला गेला असता. ती उठली. बाकाचा कोपरा धरून उभी राहिली.

"आमची रिक्षा गेल्यार," ती म्हणाली, "तू इतको वेळ थंयच उभो रवत होतस?"

 वायरीला पीळ पडला होता, तो सिद्धेशने सोडवला. पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"शॉट साडेचार मिनटांचो आसा, आये," तो म्हणाला. "त्याच्याहून जास्त वेळ लोक बसनत नाय."