नखाचा रंग

लेकीचं तुटलेलं बोट डॉक्टरांनी शीर न् शीर शिवून जोडलं होतं. पट्टीतून नख तेवढं दिसत होतं. “ते गुलाबी म्हणजे रक्त फिरतंय. निळं पडलं तर लगेच बोलवा,” सिस्टरनी आईला बजावलं होतं. आई डोळ्यांत तेल घालून बसली होती. या फेरीला सिस्टरनी नख दाबून पाहिलं. दाबल्यावर रंग उडायला हवा, सोडल्यावर परतायला हवा. तो हललाच नाही. त्यांनी खरवडलं. गुलाबी पापुद्रा निघाला. खाली नख काळंनिळं. आईच्या मुठीत लेकीची नेलपॉलिशची बाटली होती. “निळं दिसलं तर कापून टाकाल, असं वाटलं.” “अहो, कापत नाही, पुन्हा उघडून शीर मोकळी करतो. वेळेत कळलं तर बोट वाचतं. कधीपासून निळं आहे?” आई पुटपुटली, “मघाशी तुम्ही दारातूनच ‘छान गुलाबी आहे’ म्हणालात ना, त्याच्याही आधीपासून.”