राणीछाप रुपये

एका बाईंनी पदराच्या गाठीतून काढून दिलेल्या दोन राणीछाप रुपयांपैकी एक तात्यांनी आपल्या जुन्या नाण्यांच्या दुकानातल्या फरशीवर टाकला. बद्द वाजला. दुसराही तसाच. चांदीचा खणखणीत नाद तात्यांच्या कानात लहानपणापासून बसलेला होता.

“खोटे आहेत, ताई.”

“आईनं भावांच्या नकळत मला दिले होते,” बाई म्हणाल्या. “वाटायचं, मीच तिची लाडकी.” रुपये तिथेच सोडून त्या एसटी गाठायला निघून गेल्या. तात्यांनी त्यांचं नावगावही विचारलं नव्हतं.

मग खात्रीसाठी त्यांनी वडिलांनी दिलेला अस्सल रुपया टाकला. तोही बद्द वाजला. तात्यांनी दोन्ही कानांत करंगळी फिरवली. बाईंचे रुपये ते पुन्हा पुन्हा टाकत राहिले.

शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून म्हणाला, “काय गोड वाजतायत हो, तात्या.”